सुनेचं वर-खाली होणारं टेबल

आमच्या देऊळगाव राजाच्या घरात सून मामाजींसमोर खुर्चीवर बसत नाही. मामाजी बैठकीत आले की उठायचं, ते गेले की बसायचं. मामाजी म्हणजे माझे सासरे, शेषराव. अन् मी काजल, त्याईची मोठी सून, सोनाळ्याची. लग्न झालं तेव्हा म्हणलं, चालते, उठू. उठल्यानं काही माणूस झिजत नाही.

पण मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लॅपटॉप आतल्या खोलीत नेला, तर मामाजी म्हणे, "दार लावून दिवसभर कोणासंग बोलते? लोकं काय म्हणतीन? काम करायचं तर बैठकीत कर, सगळ्यायच्या डोळ्यासमोर." आता बैठकीत मामाजी दहादा येतात. पाणी प्याले, पेपर पाह्याले, कधी उगीचच. मी आपली उठ-बस, उठ-बस. शाळेत मास्तर पोराले शिक्षा देते ना, तसं.

तेही सोसलं. पण मागच्या हिवाळ्यात मले टीम लीड करायचं म्हणून मोठ्या साहेबांनी व्हिडिओवर मुलाखत ठेवली. ऐन बोलणं रंगात आलं, अन् मामाजी दोन सोबत्यांना घेऊन आत. मी उठले नाही. कशी उठणार बाप्पा, समोर साहेब! तर मामाजी सगळ्यायच्या देखत गरजले, "सोनाळ्यात एवढंही शिकवलं नाही काय तुह्या बापानं? मोठी माणसं उभी अन् तू खुर्चीत?" मी दचकून उठले. पुण्यात साहेबांना माझं नुसतं पोट दिसलं अन् मामाजींचा आवाज ऐकू गेला. जागा दुसरीले मिळाली. नवऱ्याले सांगतलं तर तो म्हणे, "जाऊ दे ना काजल, म्हातारा माणूस आहे." माझ्या बापाचं नाव काढलं होतं हो! मी ठरवलं, याची परतफेड करीन, अन् मामाजींच्याच नियमात राहून करीन. साप मेला पाहिजे अन् काठीही तुटली नाही पाहिजे.

माझ्या बापाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. पाना-पकड मी लहानपणापासून हाताळली. भंगारातून जुन्या गाडीचा जॅक आणला, टायर बदलताना गाडी उचलतात तो. खाली एक लोखंडी चौकट, वर एक, मधात जॅक. चार कोपऱ्याले चार चौकोनी पाइप, अन् त्यात सरकतील असे चार बारीक. वेल्डिंग तेवढं गावातल्या कचरूच्या दुकानातून करून घेतलं. भोकं पाडणं, नट कसणं, वर प्लायवूड बसवणं सगळं मी केलं. पहिल्यांदा फिरवलं तर टेबल एका अंगाले फसलं. पाइप कानशीनं घासले, ग्रीस लावलं, मंग चढलं गुमान. खाली बसून हँडल फिरवलं की लॅपटॉपसकट टेबल माझ्या कोपरापर्यंत वर येते.

मामाजी म्हणे, "हे काय धूड आणलं घरात?"

मी म्हणलं, "तुमच्यासमोर उभ्यानं काम करता यावं म्हणून, मामाजी."

खूश झाले हो! चार लोकांत सांगत फिरले, आमची सून पाह्य कशी वळणाची. मी मनात म्हणलं, सांगा, अजून सांगा.

मंग ऋत्विकचं जमत आलं. ऋत्विक माझा दीर. पोरगी सुलतानपूरची, बँकेत नोकरीले. तिच्या घरचे शनिवारी अकराले घर पाह्याले येणार होते. त्याच आठवड्यात साहेबांचा फोन आला, एक जागा पुन्हा निघाली, मुलाखत केव्हा देतेस? मी म्हणलं, शनिवारी, अकराले. हेही हुकलं तर तिसऱ्यांदा मले कोणी विचारणार नव्हतं. पण माघार घेईन तर मी सोनाळ्याची कसली!

शनिवारी पाव्हणे गादीवर, मामाजी त्यायच्या मधात, अन् मी खिडकीपाशी उभी, कानाले हेडफोन, साहेबांशी बोलून राह्यले. पोहे झाले, चहा आला. पोरीची आजी अंबूबाई माझ्याकडेच पाहत होती.

"काहो शेषराव, हे पोरगी कवाची उभी आहे. बसत काऊन नाही?"

मामाजी फुशारकीनं हसले. "आमच्यात सून मोठ्यांसमोर खुर्चीवर बसत नाही. वळण आहे घराले."

साहेब काहीतरी फाइल उघडत होते. मी माइक बंद केला अन् म्हणलं, "सकाळपासून उभी आहे, आजी. रोजचंच आहे."

अंबूबाईनं कप खाली ठेवला. "म्हणजे आमची पोरगी बँकेतून दमून येईन, अन् इथं उभी राहीन?"

मामाजींचं तोंड पाहण्यासारखं झालं. "नाही, नाही, तसं काही नाही... बस वो काजल, बस ना."

"टेबल वर आहे, मामाजी. अन् साहेब लाइनवर आहेत, मले वाकता येत नाही. हँडल खाली आहे."

ऋत्विक उठाले लागला. अंबूबाई म्हणे, "तू बस, बाबू. ज्यानं उभं केलं त्यानंच बसवावं."

मामाजी उठले. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात माझ्या पायापाशी गुडघे टेकले अन् हँडल फिरवू लागले. कर्र, कर्र. टेबल खाली येत गेलं तशी मी स्क्रीन मागं कलती करत गेले. तिकडं साहेबांची फाइल उघडली, मी माइक पुन्हा चालू केला.

साहेबांनी विचारलं, "काजल, मागे कसला आवाज येतोय?"

"काही नाही सर. टेबल खाली घेऊन राह्यलो आहोत."

"बरं. मग सोमवारपासून टीम तू सांभाळ."

"हो सर," मी म्हणलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू! कोणी मले दुष्ट म्हणते तर म्हणो.

मामाजींच्या कपाळावर घाम आला होता. त्याईनं मान वर केली अन् हळूच विचारलं, "झालं काय, बाई?"

टेबल खुर्चीच्या मापाले केव्हाच आलं होतं.

"अजून थोडं, मामाजी," मी म्हणलं, अन् खुर्ची ओढून त्यायच्यासमोर बसले.