लाल ठिपक्याच्या सात वायरी

टेस्टरचे आठच्या आठ दिवे लागले, तरी हैबतराव ओरडायचे काही थांबले नाहीत.

"आरं, दिवं लागत्यात म्हनून त्याची आरती करू व्हय मी? भाडेकरू माझ्या डोक्यावर बसल्यात! त्यांची मीटिंग चालू असतीया आन् मधीच समदं गप!"

विश्राम जिन्याखालच्या पेटीसमोर उकिडवा बसला होता. पेटीत वरच्या अठरा खोल्यांच्या अठरा वायरी उतरल्या होत्या, आणि सकाळपासून तो एकेक तपासत होता. "आण्णा, वायर वक्के हाय," तो म्हणाला. "एकापासनं आठपतोर दिवं वळीनं लागत्यात. वरनंच नेट येत न्हाई त्याला मी काय करू?"

"मग दोनशे तीनला कसं येतंय? आन् शेजारच्या दोनशे चारला का न्हाई? तिथं काय तुझी सासुरवाडी हाय?"

अडचणीत सापडला की विश्राम टेस्टर पुसायला घ्यायचा. त्याने टेस्टर पुसला.

वीस वर्षं झाली त्याला या धंद्यात. आधी टीव्हीची केबल. मग हिंजवडी पसरत पसरत जांबे गावाच्या बांधाला येऊन टेकली, शेतं गेली, खोल्या उभ्या राहिल्या, आणि खोली तिथे लॅपटॉप झाला. विश्रामने टीव्हीची केबल गुंडाळून ठेवली आणि इंटरनेटच्या वायरी ओढायला घेतल्या. त्याचा एक शिरस्ता होता. जागेवर वायरीची टोकं करायची नाहीत. नाड्याने माप घ्यायचं, घरच्या ओट्यावर बसून वायर कापायची, दोन्ही टोकांना कनेक्टर दाबायचे, खोलीचा नंबर लिहून वेटोळं बांधायचं, आणि मग नेऊन टाकायची. ओट्यावर ऊन चांगलं येतं, शिवाय येणाराजाणारा बघतो. हे दुसरं कारण त्याने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

वायरीच्या पोटात आठ तारा, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. त्या कनेक्टरमध्ये कुठल्या क्रमाने घालायच्या हे विश्रामला कुणी शिकवलं नव्हतं, त्यानेच ठरवलं होतं. केशरीशेजारी केशरीची, म्हणजे केशरी रेघेची, पांढरी, हिरव्याशेजारी हिरव्याची, मग निळी, मग तपकिरी. "जोडी फोडायची न्हाई," असं तो ठासून सांगायचा. दोन्ही टोकांना तोच क्रम, टेस्टरवर दिवे ओळीने, विषय संपला. नेटच्या वायरी ओढायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं.

मग त्याचं बोट कापलं. दीड वर्षापूर्वीची गोष्ट. कटरचं पातं उजव्या हाताच्या बोटात गेलं, चार टाके पडले, आणि हातात तर पंधरा वायरींचं काम. त्याची बायको उषा तोवर फक्त वरचं साल सोलून द्यायची. ती म्हणाली, "द्या हिकडं, मी बघते." आणि तिने बघितलं ते असं बघितलं, की विश्रामच्या पोटात तेव्हापासून जे दुखायला लागलं ते काही राहिलं नाही.

एकेक तार कशी सरळ, आठांची टोकं कशी एका रेषेत! त्याला दोन-दोनदा कापावं लागायचं, हिचं एका दमात. ती आत भाकरीला गेली की तो तिने दाबलेला कनेक्टर दातओठ खाऊन ओढून बघायचा. एक तरी सुटेल, एक तरी! पण कसलं काय. आपण किती केल्या ते कळावं म्हणून ती कनेक्टरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवायची, तोही त्याच्या डोळ्यांत खुपायचा. एकदा एका दुकानदाराने त्याच्या तोंडावर सांगितलं, "वहिनींच्या हातची वायर द्या बरं का." त्या दिवशी मीठ नेमकं असूनही विश्राम आमटीला अळणी म्हणाला.

असा हा माणूस पेटीसमोर टेस्टर पुसत बसला होता, आणि पुसता पुसता त्याची नजर वायरींच्या टोकांवर गेली. दोनशे तीन, लाल ठिपका. दोनशे चार, ठिपका नाही. एकशे एक, ठिपका. तिथे तक्रार नाही. त्याने खिशातून तक्रारींचा कागद काढला. अकरा खोल्या. अकराच्या अकरा बिनठिपक्याच्या. चालत होत्या त्या सात वायरी उषाच्या.

त्याच्या कानशिलांत गरम झालं. लाज वाटायला हवी होती, पण आधी आली ती जळजळच. हिच्या सातही चालाव्यात? एकही बिघडू नये?

हैबतरावांची नजर म्हणजे घारीची. ते वाकले. "हे लाल कशाचं रं? ठिपकेवाल्या चालत्यात, बाकीच्या न्हाई, आसंच हाय न्हवं? कुनी केल्या ठिपक्याच्या?"

"म्या," विश्राम म्हणाला.

"आन् ह्या?"

"ह्या... घरातनं केल्यात. आमच्या हिनं. मला बोटाला लागलं व्हतं न्हवं." बोट बरं होऊन वर्ष उलटलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"आसं हाय व्हय!" हैबतरावांचा राग एकदम उतरला. "आरं मग सूनबाईला कशाला लावतोस ह्या कामाला? उद्या रविवार. अकराच्या अकरा तू सोता कर, हितं बसून, माझ्यासमोर. सोमवारी पोरं कामाला बसायच्या आत चालू पायजेल. न्हाईतर म्होरल्या दोन बिल्डिंगींचं काम मी हिंजवडीच्या कंपनीला देतो. मग बस वट्यावर ऊन खात."

विश्राम मान हलवून निघाला. दोन बिल्डिंगींचं काम, म्हणजे पुढची दीड-दोन वर्षं. आणि ते काम गेलं तर जांब्यात दुसरं कोण बोलावणार होतं त्याला? वाटेत त्याने दोन ठिकाणी उगाच वेळ काढला, तोवर हैबतराव मळ्याकडे जाता जाता त्याच्या दारात थांबून गेले होते.

उषा मेथी निवडत बसली होती. तिने वर बघितलं नाही. "आण्णा येऊन गेलं," ती म्हणाली. "म्हनलं, सूनबाई, आता वायरींना हात नगा लावू. तुमच्या अकरा बिघडल्या. इश्रामच्या सात मातर एक लंबर हायेत."

"आगं, तोंडातनं निघून गेलं."

"निघून गेलेलं परत घालता येतं."

विश्राम पाणी प्यायला. परत प्यायला.

"तुमी खोटं बोलला त्याचं मला एवढं न्हाई," उषा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हात चालूच होते. "दीड वरीस झालं मी करतीया. एकदा तरी म्हनला का, उषा, बरी झाली? लई न्हाई, नुसतं बरी. आज पयल्यांदा कानावर आलं, एक लंबर. ते बी दुसऱ्याच्या तोंडनं. ते बी तुमच्या नावावर."

बोलण्यासारखं बरंच होतं. तिने क्रम कसा लावला ते विचारता आलं असतं, उद्या चल म्हणता आलं असतं. विश्राम म्हणाला, "मेथीत माती ऱ्हाऊ देऊ नगं," आणि बाहेर जाऊन बसला.

रविवारी सकाळी तो कनेक्टर दाबायचा क्रिंपर, कनेक्टरची पिशवी आणि टेस्टर घेऊन एकटाच गेला. पेटीतली लाल ठिपक्याची एक वायर त्याने उजेडाकडे धरली. कनेक्टर पारदर्शक असतो, आतला क्रम दिसतो. चष्मा घरी राहिला होता, तरी डोळे बारीक करून त्याला दिसला. केशरी ठीक होती. पुढे हिरव्याची पांढरी, आणि मग हिरवी यायच्या जागी निळी! हिरवी पार सहाव्या घरात जाऊन बसलेली. जोडी फोडलेली होती.

तेव्हा त्याला आठवलं. उषाने सांगितलं होतं की. राऊटरच्या खोक्यातून आलेली तयार वायर ती एकदा दारात धरून बघत होती. "अहो, ह्यात हिरवी जोडी फोडून मधी निळी घातलीया. आपन बी आसंच करावं का?" आणि तो म्हणाला होता, "कंपनीवाल्यांची लग्नं टिकत न्हाईत, वायरी कुटनं टिकायच्या!" आणि स्वतःच्याच विनोदावर हसला होता. ती मात्र आपल्या वायरी तशाच करत गेली.

त्याने पहिलं टोक कापलं. निळ्याची पांढरी कुठली, हिरव्याची पांढरी कुठली? जिन्याखालच्या अंधारात दोन्ही नुसत्या पांढऱ्याच. अंदाजाने घातल्या, दाबल्या. वर जाऊन दोनशे चारमधलं दुसरं टोक केलं. टेस्टर लावला. दिवे एक, दोन, तीन, मग सहा, मग पाच, मध्येच एक लागलाच नाही. पुन्हा कापलं. दहा वाजेपर्यंत सोळा कनेक्टर वाया गेले होते आणि तीन खोल्यांचं होतं ते नेटही बंद पडलं होतं.

दोनशे तीनची गौतमी खाली आली. हिंजवडीतल्या एका ऑफिसात नेटवर्कचंच काम करायची. "काका, शेजारच्यांचं आधी थोडं तरी चालायचं, आता पूर्ण डाऊन झालंय." तिने खाली पडलेला एक जुना कनेक्टर उचलून बघितला. "अच्छा. हे असं केलंय होय. काका, टेस्टर फक्त तार पोचलीय का एवढंच सांगतो. कुठली तार कुणाबरोबर पिळलीय, ते त्याला नाही कळत. तीन आणि सहा नंबरच्या घरात एकाच जोडीच्या तारा लागतात, इथे दोन वेगळ्या जोड्यांच्या गेल्यात. छोट्या वायरीत खपून जातं हे. तिसऱ्या मजल्यापर्यंत नाही खपत. पण माझी वायर परफेक्ट आहे. ती कुणी केलीय?"

मागे हैबतराव येऊन उभे होते.

विश्रामच्या हातात क्रिंपर होता, पायाशी सोळा कनेक्टरांचा सडा. आताही म्हणता आलं असतं, म्याच केली, आज जरा हात थरथरतोय. शब्द जिभेवर आले होते. पण म्हटलं की पुन्हा कनेक्टर हातात घ्यावा लागला असता, या दोघांसमोर.

"माझ्या बायकूनं," तो म्हणाला. "आण्णा, काल मी उलटं सांगितलं. ठिपक्याच्या सात तिच्या. बिघाडाच्या माझ्या."

हैबतराव चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसले. पोट धरून, जिन्याच्या कठड्याला टेकून हसले. "आन् मी बिचारीला दारात उभं राहून शिकवून आलो! आरं, उठ. घिऊन यी तिला."

उषा आली. साडी बदलली नव्हती, नुसता पदर खोचला होता. ती या इमारतीत पहिल्यांदाच येत होती. पेटीसमोर बसली, हात पुढे केला, आणि विश्रामने त्यात क्रिंपर ठेवला. मग तो टोकं कापायला, सालं सोलून द्यायला लागला, आणि ती तारा सरळ करून, एका ओळीत धरून, एका दमात छाटून दाबत गेली. खालची अकरा टोकं झाली. मग वर खोल्या. प्रत्येक दारात तिला "काकू, बसा ना" म्हणत खुर्ची पुढे येत होती, आणि तो मागे पिशवी धरून उभा राहत होता. हैबतरावांच्या घरून चहा आला, तो आधी तिच्यापुढे गेला. त्याच्या वाट्याला आला त्यावर साय धरली होती.

त्याला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. पण खोटं कशाला बोला, जळतही होतं. शेवटच्या खोलीत तो मनात म्हणत होता, आता एक तरी चुकू दे, देवा, एकच. टेस्टर लावला. आठही दिवे ओळीने लागले, आणि आत कुणीतरी "चालू झालं!" म्हणून ओरडलं.

"बरी झाली," विश्राम म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की उषाने मान वळवून विचारलं, "काय?"

"न्हाई. बरी झाली म्हनलं."

तिने टेस्टर काढून त्याच्या हातात दिला. सामान पिशवीत भरून सगळे खाली आले.

"काकू, तुमचा नंबर द्या ना," गौतमी म्हणाली. "परत काही झालं तर तुम्हालाच फोन करीन."

"पेटीवरच ल्ही रं, इश्राम," हैबतराव म्हणाले. "समद्यांनाच उपयोग हुईल."

पेटीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत विश्रामचं नाव होतं, खाली नंबर. त्याने खिशातून मार्कर काढला. दुसरा कुणी वायरमन असता तर मार्कर वाळलाय म्हणून सांगितलं असतं. त्याने आपल्या नावाखाली जागा बघून लिहिलं, उषा. मग तो थांबला. त्याच्या फोनमध्ये ती 'घर' म्हणून होती. घर दाबलं की लागायचा, नंबर काय आहे तो त्याने कधी बघितलाच नव्हता.

"सांग," तो म्हणाला.

तिने सांगितला. त्याने लिहिला. उषाने जवळ येऊन आकडे बोटाने मोजले.

"एक सुटला तुमचा. शेवटी सात दोनदा हाय."

त्याने अंगठ्याला थुंकी लावून शेवटचे आकडे पुसले, आणि पुन्हा लिहायला घेतले, एकेक आकडा तिला विचारत.