गवताच्या दोरावरची चढण

बसा जरा, हॉलंडातल्या कात्वाइक गावच्या क्राइनची गोष्ट सांगतो. खोटी वाटली तर खुशाल शिव्या घाला.

एप्रिलातली पहाट होती, क्राइनच्या नोकरीचा शेवटचा दिवस. जुनी राइन नदी गावाशी लोखंडी दारांतून समुद्राला मिळते. त्या दारांची राखण त्यानं एकतीस वर्षं केली. भरती आली की दारं बंद. फक्त वसंतात एक झडप वीतभर उघडी ठेवायचा, सापासारख्या लांब ईल माशांची पिल्लं समुद्रातून नदीत यावीत म्हणून.

तेवढ्यात ट्यूलिपच्या फुलांची शेती करणारा योस्त तणतणत आला.

"लाव ती झडप, म्हाताऱ्या! खारं पाणी माझ्या पाटात शिरतंय. ट्यूलिपचे कांदे सडले तर तू येणारेस लावायला?"

"आणि पिल्लं?"

"गेली खड्ड्यात!"

"बाहेर राहिली तर मरतील रे सगळी."

पण योस्तचंही खोटं नव्हतं. क्राइननं झडप लावली. मग हाताएवढा जाड गवताचा दोर आणून एक टोक नदीत आणि दुसरं दारावरून समुद्रात सोडलं. बाप असा दोर सोडायचा, एवढंच त्याला आठवत होतं.

"कोरड्या दोरावर मासे चढतात होय?" योस्त हसला. "जन्म पाण्यात गेला तुझा! अरे, वरून नदीचं पाणी सोड. गोड्याचा वास लागला तर येतील."

आणि बडबडत स्वतःच गाडीतून शेतातला पंप नि पाइप घेऊन आला.

दोघं दाराच्या कडेला पालथे पडून बघत राहिले. दोर भिजला. बराच वेळ काहीच नाही. मग एक आलं. काडीएवढं, काचेसारखं. अंगातून पलीकडचं गवत दिसत होतं, नुसते दोन काळे डोळे तेवढे. त्यामागं दुसरं. मग शेकड्यांनी. अख्खा दोर जिवंत झाला.

"आली कुठनं ही?" योस्तनं हळूच विचारलं.

"अटलांटिकच्या पार पलीकडनं. दोन-दोन वर्षं पोहतात. बरोबर आई नाही, बाप नाही."

"मग नदी सापडते कशी?"

"मला काय विचारतोस? मी साधा दारवान."

योस्तनं टोपी काढली.

आठ वाजता नवी राखणदारीण आली. क्राइननं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"पाइप बंद करू नकोस, पोरी," एवढंच बोलला, आणि सायकल हातात धरून चालतच घरी गेला.

तुम्ही कधी तिकडे गेलात, तर त्या दोराला हात तेवढा लावू नका. कुणीतरी चढत असतं.