सैल पट्टा

सासूने मागच्या दाराची कडी काढली, दार ढकलून उघडतंय ना ते पाहिलं आणि पुन्हा अलगद लोटून ठेवलं. सून शिलाई मशीनवर बसली होती. तिचा पाय थांबला नाही, पण सुई शिवण सोडून भलतीकडेच टाके घालू लागली.

"आई, कडी अशी काढून ठेवलीत तर मांजर येईल."

"येऊ दे. दूध कुठंय घरात, ते पिऊन जाईल?" सासू म्हणाली. "तो पुढच्या दाराने कसा येणार? पुढे सगळी गल्ली डोळे लावून बसलीय."

तो म्हणजे तिचा मुलगा, सुनेचा नवरा, क्रेनवाला. रस्त्यात आडव्यातिडव्या लावलेल्या गाड्या उचलून पोलिसांच्या आवारात नेऊन सोडायच्या, हे त्याचं काम. गेल्या आठवड्यात बाजाराच्या फाटकासमोरची एक पांढरी व्हॅन त्याने अशीच उचलली. शेजारच्या सीटवर नेहमीचा वाहतूक हवालदार होता. वाटेत त्याने हवालदाराला खाली उतरवलं आणि व्हॅनसकट क्रेन एकट्यानेच नदीच्या पुलाकडे पळवली. पुलावर व्हॅनमधला बाँब फुटला. कठडा तुटला, क्रेन पाण्यात गेली. माणसं मात्र वाचली, कारण हवालदार शिट्टी फुंकत मागून धावत आला होता. पुलावरचे लोक त्या शिट्टीने मागे हटले, शाळेची बस त्याने हात पसरून अडवली. दुसऱ्या दिवशी क्रेन पाण्यातून वर काढली, तेव्हा तिचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं.

एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेलं ज्याने त्याने घरबसल्या तयार केलं.

"इतक्या गाड्या उभ्या होत्या, नेमकी हीच बरी उचलली?" कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासता फासता विचारी.

"आधीच ठरलेलं असणार," गिऱ्हाईक ओठ न हलवता म्हणे.

"आणि हवालदाराला का उतरवलं? वाटणीला दुसरा नको म्हणून."

"बाँबची कसली वाटणी रे?"

एवढ्यावरून न्हाव्याने मत बदललं नाही. दार उघडं होतं म्हणजे उडी मारली, उडी मारली म्हणजे पोहून गेला, पोहून गेला म्हणजे कुणीतरी काठावर वाट बघत होतं. टीव्हीवरचे लोकही हेच म्हणत होते, फक्त त्यांच्या गळ्यात टाय होते. चौकात हवालदाराचं भलंमोठं चित्र लागलं. इकडे सुनेकडे शिवायला दिलेले कपडे एकेक करून लोक अर्धवटच परत घेऊन गेले. "घाई नव्हतीच तशी," म्हणत.

चिमी दप्तर पाठीला लावून आईसमोर उभी राहिली.

"बाबांसारखं ओढ ना."

आईने दप्तराचा पट्टा दोनदा ओढून पाहिला. क्रेनवाल्याची ही सवय घरात सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. काही वर्षांपूर्वी त्याच्या हाताखालच्या माणसाची बोटं क्रेनच्या पट्ट्यात सापडली आणि चिरडली. तेव्हापासून त्याने मदतीला माणूस ठेवलाच नाही. उचललेल्या गाडीचा पट्टा तो स्वतः बघायचा, दोनदा ओढून. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. एकदा चिमी क्रेन बघायला गेली होती आणि पट्ट्याजवळ नुसती उभी राहिली, तर आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर खेकसला होता. मग रात्रभर त्यालाच झोप लागली नाही.

"मधल्या सुट्टीत काय खेळता हल्ली?" आजीने विचारलं.

"चोर-पोलीस. मलाच चोर करतात."

मशीन थांबलं.

"मला चालतं," चिमी म्हणाली. "चोराला पळायला मिळतं. मी कुणालाच सापडत नाही."

ती गेल्यावर दोघी एकमेकींकडे बघेनात. बाहेर ज्या पळण्याला शिव्या बसत होत्या, त्याच्यावरच घरातला धीर तगून होता, हे दोघींना कळत होतं. पळाला असेल, तर कुठेतरी श्वास घेत असेल. कुणी म्हणालं, लांबच्या एका गावात तो दिसला, तर सासू सरळ त्या माणसाच्या दारात जाऊन विचारून आली, "वाळला होता का फार?"

"हवालदाराला भेटून ये," आता ती म्हणाली. "शेवटचं त्यानेच पाहिलं. उडी मारताना दिसला का, एवढंच विचार. आणि कुठल्या काठाला लागला."

"मला कोण आत सोडेल, आई?"

"फुलं घेऊन जा. फुलं नेणाऱ्याला कुणी अडवत नाही."

सासूचं खरं ठरलं. इस्पितळाच्या व्हरांड्यात गुच्छ घेतलेल्यांची रांगच होती, खांद्यावर कॅमेरे घेतलेली दोन पोरं भिंतीला टेकून चहा पीत होती. रांगेबरोबर सरकत सून खोलीत शिरली. हवालदाराच्या डोक्याला पट्ट्या होत्या. स्फोटाने त्याचे दोन्ही कान गेले होते. उशाशी त्याची बायको मुलाची पाटी मांडीवर घेऊन बसली होती. लोकांचं म्हणणं ती पाटीवर लिहून दाखवी आणि तो उत्तर देई. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने तो ओरडूनच बोले, आणि आपण हळू बोलतोय अशी त्याची समजूत असे.

सुनेने पाटी मागून घेतली आणि लिहिलं, 'मी क्रेनवाल्याची बायको.'

हवालदाराची बायको ताडकन उठली. "हिला आत कुणी सोडलं?"

हवालदाराने हात वर केला. "बसा, वहिनी."

व्हरांड्यातली कुजबुज एकदम थांबली.

'त्यांनी उडी मारली का?'

"दिसलं नाही. आधी उजेड, मग नुसता धूर." तो छताकडे बघत राहिला. "एक सांगतो. कुणाला बोलू नका. सगळे म्हणतात, मी लोकांना वाचवायला धावलो. मी तुमच्या नवऱ्याला पकडायला धावलो, वहिनी. शिट्टी त्याच्यासाठी होती. लोक आपले बाजूला झाले. ती बस मध्ये येत होती, म्हणून अडवली."

"अहो, हळू," त्याची बायको त्याचा हात दाबत म्हणाली. दाराकडे तिची पाठ होती, पण तिकडून ऐकणारे किती कान आहेत हे तिच्या मानेला कळत होतं.

"इतकी वर्षं एका डब्यात जेवलो. सरळ सांगायचं ना, मला हे करायचंय म्हणून. फसवून उतरवलं, त्याचं वाईट वाटतं." त्याचा आवाज फाटला. "सारखा आरशात मागच्या व्हॅनकडे बघत होता. मग गाडी बाजूला घेतली. मला म्हणाला, 'साहेब, मागचा पट्टा सैल झालाय. जरा उतरून बघता का?' मी उतरलो. मागे पोहोचायच्या आत हा निघाला."

तिने फुलं अजून हातातच धरली होती. ती तिने खाली, पायाशी ठेवली. पाटी फडक्याने पुसली. पुसून कोरडी झाली तरी पुसत राहिली.

हवालदाराने हेच सगळं पोलिसांनाही सांगितलं असणार. त्यांनी ते ऐकून घेतलं, आणि त्यात त्यांना एक लबाड माणूस दिसला. तिला आरशात बघणारा चेहरा दिसला. चिमीवर खेकसला होता तेव्हाचा.

पेन्सिल पाटीला टेकवून ती थांबली. नाही लिहिलं, तर घरी मागचं दार नुसतं लोटलेलं राहील. कुणी येईल, दुसऱ्या एखाद्या गावाचं नाव सांगेल, सासू पायात चपला अडकवून विचारायला जाईल. चिमी चोर होईल आणि कुणाला सापडणार नाही. पेन्सिलचं टोक तुटलं. उरलेल्या तुकड्याने तिने लिहिलं.

हवालदाराने पाटी डोळ्यांजवळ धरली. पुटपुटल्यासारखं वाचायला गेला, आणि प्रत्येक शब्द व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला.

"पट्ट्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत."

कुणाच्या तरी गुच्छाचा कागद चुरचुरला. चहाचा कप कुणीतरी जपून खाली ठेवला.

"मला काय माहीत," हवालदार म्हणाला. "त्याआधी मी सीटवरून कधी खाली उतरलोच नाही. पट्टा कोण बघतं, मला काय माहीत." मग त्याने पुन्हा पाटीकडे पाहिलं. "म्हणजे मला वाचवायला उतरवलं त्याने," तो म्हणाला, आणि पाटी छातीशी धरली. त्याच्या बायकोने स्वतःचं स्टूल हळूच सुनेकडे सरकवलं. पण ती निघाली होती.

ती घरी पोहोचायच्या आधी गल्लीला बातमी पोहोचली होती. न्हावी दुकानाच्या दारात उभा होता. तिला पाहून त्याने कात्री खिशात घातली, मग बाहेर काढली, मग काही न सुचून स्वच्छच असलेला आरसा पुसायला आत गेला. ती ज्यांच्याकडे बघेल ते मान खाली घालत होते. कालपर्यंत हीच माणसं टक लावून बघत होती, तेव्हा निदान तो कुठेतरी असल्यासारखं बघत होती.

सासू डाळ निवडत बसली होती. ताट बाजूला सारून तिने विचारलं, "भेटला? उडी मारताना दिसला का त्याला?"

"नाही दिसला."

"मग उतरवलं कशाला त्याला? काही बोलला असेल ना तेव्हा?"

सून उंबऱ्याशीच टेकली. "म्हणाले, मागचा पट्टा सैल झालाय. उतरून बघा."

"कोण म्हणालं?"

"हे."

"दुसऱ्याला म्हणाला? बघ म्हणून?"

"हो."

सासूने ताटातला एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि परत डाळीतच टाकला. बाहेर शाळा सुटल्याचा कलकलाट ऐकू येऊ लागला. चिमीचा आवाज त्यात वेगळा ओळखू येत होता.

मग सासू गुडघ्यावर हात रोवून उठली. भिंतीचा आधार घेत मागच्या दारापाशी गेली. दार पुरतं लावलं, कडी घातली. आणि ती नीट बसलीय ना, हे तिने दोनदा ओढून पाहिलं.