फुगे फोडणाऱ्या बंदुकीला नवा पिस्टन

घाबरू नका मित्रांनो, मी बंदूक असले तरी आजवर फक्त फुगेच फोडले आहेत. माझ्या दस्त्यावरचं पॉलिश कधीच उडालं, नळीवर चरे पडले, पण आवाज अजून खणखणीत आहे. धामणगाव रेल्वेपासून अकोल्यापर्यंत जत्रेत फिरलेल्या कोणाही म्हाताऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल, "हो, थे दुर्गाबाईची बंदूक!"

माझा जन्म कलकत्त्याच्या एका कारखान्यात झाला. माझ्यात दारू नाही, काडतूस नाही. नळी मधून वाकवली की पोटातला पिस्टन मागे सरकतो, त्याच्यामागची स्प्रिंग दाबली जाते आणि खटक्याला अडकून बसते. खटका ओढला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे झेपावतो आणि समोरची हवा छर्ऱ्याला ढकलून बाहेर काढते. सायकलच्या पंपाची मी जरा रागीट बहीण आहे, असंच समजा.

धामणगावच्या खुशालरावांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. एक फळी, फळीवर खिळ्यांना बांधलेले रंगीत फुगे आणि बक्षिसाला आरसे, कंगवे, शिट्ट्या, एवढाच त्यांचा खेळ. खुशालरावांचा गळा मोठा, म्हणून ते गिऱ्हाईक बोलवायचे. त्यांच्या बायकोचा, दुर्गाबाईंचा, दम दांडगा, म्हणून त्या फुगे फुगवायच्या. तोंडाने फुगवता फुगवता त्या एका हाताने गाठ मारत आणि दुसऱ्या हाताने मला छर्रा भरून देत. कापूस निघाला की लोकांच्या हाती पैसा खेळायचा आणि आम्ही मोटारीच्या टपावर चढून गावोगाव निघायचो. नेम बसला की माणूस असा हसायचा, की मलाच कोणी पाठीवर थोपटल्यासारखं वाटायचं. फार छान दिवस होते ते.

पण बरीच वर्षं झाली आणि मी आतून थकले. पिस्टनाच्या तोंडाशी चामड्याची एक वाटी असते. ती सुकून भेगाळली. स्प्रिंग बसकी झाली. उनाड पोट्टे छर्रा न भरताच फटाफट खटका ओढायचे, त्यानं पिस्टनही ठेचकाळला. माझा छर्रा फुग्याला जाऊन लागायचा, नमस्कार केल्यासारखा वाकायचा आणि खाली पडायचा.

हे खुशालरावांना दिसत नव्हतं असं नाही. पण फुगे फुटेनात तसे आरसे शिल्लक राहू लागले, आणि बक्षिसाचे आरसे शिल्लक राहिलेले कोणत्या खेळवाल्याला आवडत नाहीत?

मग बार्शीटाकळीचा तो बाजार उजाडला. तिथे रामराव नावाचे एक मोठे शेतकरी होते. माणूस धिप्पाड, आखाड्यात घुमलेला. त्यांच्या शब्दाला बाजारात मान होता. त्यांनी मला उचललं, नेम धरला, खटका ओढला. फुगा हलला, फुटला नाही. पुन्हा ओढला. छर्रा फुग्याच्या शेजारी फळीवर टक्कन वाजून खाली आला.

"खुशालराव," ते गरजले, "हे काय चालवून राहिले तुमी? फुगे रबराचे हायेत का चामड्याचे?"

लोक हसले. खुशालरावही उसनं हसले. "नेम चुकला, भौ."

"नेम माझा चुकला? तुमी बंदूक मुद्दाम मेलेली ठेवली! पोट्ट्यायले लुटून राहिले!"

गर्दी गरम झाली. बाजार पाहणाऱ्या पंचांनी येऊन सांगितलं, की बंदूक धड होईपर्यंत इथे फळी लावायची नाही. दुर्गाबाईंच्या हातात अर्धा फुगवलेला फुगा होता. त्यांनी तो सोडून दिला. तो फुर्रर्र करत लोकांच्या डोक्यावरून गेला, पण त्या दिवशी त्याला कोणी हसलं नाही.

 घरी येताच दुर्गाबाईंनी मला कोपऱ्यात टेकवलं आणि त्या नवऱ्याकडे वळल्या.

"तुमाले मालूम होतं न?"

"काय?"

"का बंदूक मेली हाय म्हनून."

खुशालरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "अवं, थोडं कमी मारते. त्यात का एवढं! फुगा नाई फुटला तं आपला आरसा वाचते."

"मंग हा खेळ नाई झाला. हे फसवनं झालं. लोकं माझ्या तोंडाकडे पाहत होते आज. बंदूक धड होत नाई तवर मी एकबी फुगा फुगवनार नाई!"

"मी फुगवीन," खुशालराव ताठ होऊन म्हणाले.

मित्रांनो, पुढच्या बाजाराच्या आधी त्यांनी खरंच फुगवून पाहिलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, चेहरा वांग्यासारखा जांभळा झाला, आणि फुगा होता तेवढाच राहिला. दुर्गाबाई चुलीपाशी भाकर थापत होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते ते मी पाहिलं. शेवटी खुशालरावांनी फुगा ठेवला आणि म्हणाले, "जातो धर्मपालकडे."

धर्मपाल त्यांचे मित्र. स्टेशनाजवळ त्यांचं सायकल आणि स्टो दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांनी माझ्या नळीत डोकावून पाहिलं, मला एकदा वाकवलं आणि म्हणाले, "नुसतं चामडं बदलून भागनार नाई, खुशाल. इचा पिस्टनच खचला. नवा संच मागवा लागते."

कलकत्त्याहून पार्सल आलं. त्यात मेणकागदात गुंडाळलेला चकचकीत पिस्टन, लांबलचक स्प्रिंग, स्प्रिंगच्या आत बसणारी दांडी आणि चामड्याची नवी वाटी. संच माझ्या धाकट्या भावंडांसाठी, म्हणजे नव्या बनावटीच्या बंदुकांसाठी होता. माझ्या अंगाला तो जमवून घ्यायचा होता.

धर्मपालांनी बजावलं होतं, "स्प्रिंग दाबून धरल्याबिगर मागचा स्क्रू काढू नोको." पण ते पकड आणायला आत वळले आणि खुशालरावांना दम निघाला नाही. स्क्रू फिरला. माझ्या पोटातली जुनी स्प्रिंग, थकलेली म्हणता म्हणता, अशी सुटली की खुशालरावांच्या कानाला वारा लावून रस्त्यापलीकडच्या फुटाणेवाल्याच्या टोपल्यात जाऊन पडली. फुटाण्यांचा पाऊस पडला.

"डोळा गेला असता न बे!" धर्मपाल ओरडले.

"हायेत, दोनी हायेत," खुशालराव डोळे चाचपत म्हणाले. त्यानंतर मात्र ते दुकानाच्या पायरीवर हात मांडीखाली घेऊन बसले.

नवा पिस्टन आत जाईना. चामड्याची वाटी कडक आणि जाड होती. धर्मपाल कानस घेऊन वाटी घासायला बसले, तेवढ्यात दुर्गाबाई भाकरी घेऊन आल्या. त्यांनी बोटानं चामडं दाबून पाहिलं.

"धर्मपालभाऊ, स्टोचा पंप हवा घेत नाई तवा तुमी का करता?"

"चामडं तेलात भिजवतो, वहिनी." एवढं बोलून ते थांबले आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "घ्या! रोजचं काम, अन् बंदूक म्हटली का डोक्यातून गेलं!"

वाटी तेलात बुडाली. दुसऱ्या दिवशी ती सायीसारखी मऊ झाली होती. पिस्टन माझ्या पोटात असा सरकला, की मला नव्यानं श्वास आल्यासारखं झालं. पण अजून एक अडचण होतीच. स्प्रिंग लांब पडली. नळी पूर्ण वाकवली तरी पिस्टन खटक्यापर्यंत मागे येईना. धर्मपालांनी स्प्रिंगचा थोडा भाग कापला, टोक लाल तापवून सपाट केलं, घासलं, पुन्हा बसवलं. या खेपेला तिघांनी मिळून स्प्रिंग दाबली आणि स्क्रू आवळला. दुर्गाबाईंनी नळी वाकवली.

खट्!

पिस्टन खटक्याला अडकला होता. मग दुर्गाबाईंनी छर्रा भरला, दुकानामागच्या मातीच्या भिंतीवर रिकामी काड्यापेटी टेकवली आणि दूर उभं राहून खटका ओढला. काड्यापेटीला आरपार भोक पडलं. धर्मपालांनी ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि खुशालरावांच्या हातात दिली.

"आता तुझ्या आरशायचं काई खरं नाई, खुशाल!"

बार्शीटाकळीच्या बाजारात पंचांनी मला तपासलं आणि फळी लावायला परवानगी दिली. पण लोक लांब उभे राहिले. मग रामराव आले. सोबत त्यांची आई, पार्वताबाई. म्हातारी ज्वारीच्या राखणीला उभं आयुष्य गोफण फिरवलेली.

रामरावांनी मला उचललं. मी मनात म्हटलं, आज चूक माझी नसणार. त्यांनी नेम धरला, खटका ओढला. ठाप! छर्रा फळीच्या कडेवरून गेला. दुसरा तर फळीमागच्या कापडात घुसला.

"पाहा!" ते लोकांकडे वळले. "पाहा, अजूनबी तशीच!"

 तेवढ्यात पार्वताबाई पुढे झाल्या.

"अरे बाप्पा, तू खटका ओढतानी दोनी डोये मिटते. दिवाईच्या फटाक्याले भेत होता, तवापासून तसाच हायेस तू. आन इकडे!"

बाजार असा हसला की शेजारच्या गाड्यांचे बैल उठून उभे राहिले. पार्वताबाईंनी पदर खोचला, मला खांद्याला लावलं. नजर फुग्यावर रोखली आणि खटका ओढला. लाल फुगा फटकन फुटला. दुर्गाबाईंनी आरसा पुढे केला, तेव्हा म्हातारीनं त्यात आपलं बोळकं पाहून घेतलं आणि मला लेकाच्या हातात दिलं.

"आता मार. अन् डोये उघडे ठेव."

रामराव लाल झाले होते. मला वाटलं, हे मला आपटतात की काय. पण त्यांनी मोठा श्वास घेतला, डोळे इतके ताणून उघडले की त्यांत पाणी आलं, आणि खटका ओढला. निळा फुगा उडाला.  मग मला हातात उंच धरून गडगडाटी हसले.

"या रे, या! बंदूक खरी हाय! माहे डोयेच लबाड निघाले!"

मग काय विचारता! रांग लागली. संध्याकाळपर्यंत एक आरसा उरला नाही, एक शिट्टी उरली नाही. सगळा बाजार शिट्ट्यांनी भरून गेला. रिकाम्या पेटीकडे पाहून खुशालराव थोडे हळहळले, पण त्यांच्या खेळापुढे एवढी गर्दी कधी झाली नव्हती. शेवटी बक्षीस म्हणून त्यांनी स्वतःच्या खिशातला कंगवा देऊन टाकला, आणि दुर्गाबाई फुगे फुगवता फुगवता हसू लागल्यामुळे फुगेच बिचारे अर्धवट राहू लागले.

पुढे किती जत्रा केल्या! अमरावतीत दुर्गाबाईंचं नाव झालं. धारणीच्या रस्त्यावर मोटार रुतली तेव्हा उतारूंनी झाडाखाली माझाच खेळ मांडून वेळ काढला. मग मोठमोठे पाळणे आले, विजेचे दिवे आले, गर्दी तिकडे वळली. आम्ही थांबलो. एका पावसाळ्यात कोणा पाहुण्यानं मला ताणून तसंच ठेवून दिलं आणि स्प्रिंग पुन्हा बसकी झाली. महिनोन् महिने मी धान्याच्या कोठीमागे धूळ खात पडले. पण दुर्गाबाई विसरल्या नव्हत्या. पाऊस सरला तशी त्यांनी मला बाहेर काढलं, धर्मपालांकडून स्प्रिंग बदलून घेतली, चामड्याला तेल पाजलं.

आता मी धामणगावच्या मुलींच्या शाळेत असते. दुर्गाबाईंनीच मला तिथे दिलं. शनिवारी त्या स्वतः येऊन, खुर्ची टाकून मुलींना नेम धरायला शिकवतात. जमुना नावाची एक मुलगी आहे. मला हात लावण्याआधी ती विचारते, "बाई, भरली हाय का?" आणि नळी जमिनीकडे धरते. परवा तिचा नेम चुकला आणि ती माझ्याकडे रागानं पाहू लागली.

"इच्याकडे काय पाह्यतं?" दुर्गाबाई म्हणाल्या. "थे नाई चुकली. तू चुकली. मंग का झालं? मार पुन्हा."

जमुना हसली आणि तिनं दुसरा छर्रा घेतला.

मित्रांनो, मला माणसावर धरू नका, पाखरावर धरू नका. रिकामी उडवू नका, ताणून ठेवू नका, आणि कधीमधी तेलाचा एक थेंब द्या. घरातली एखादी वस्तू थकली, तर तिच्या थकण्यातून आपला फायदा शोधू नका. तिला उघडा, पुसा, बरी करा. बरी झालेली वस्तू खोटं बोलत नाही. मग चूक झाली तर ती आपली आहे हे कळतं, आणि आपली चूक सुधारायला तर दुसरा छर्रा हातात असतोच.