मी शाळा गिळली नाही!

"गो खाणी, आमच्या शाळेचे चिरे तुयाच गिळलंस काय?"

मित्रांनो, हा प्रश्न मला विचारला प्रेमलतेने. माझ्या काठावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून आणि चांगला घसा ताणून! तिला डिवचले होते तिच्या दोन मैत्रिणींनी. "सातवीत पयली इलंस, मोठी शाणी झालंस ना? मगे विचारून दाखव खाणीक!" असे सत्यवती म्हणाली होती. जानकीने मान डोलावली होती. आणि आता दोघी काजूच्या झाडाआड लपून माझी गंमत बघत होत्या.

मी काय करणार? माझ्या तीन बाजूंना उभ्या भिंती. मी प्रश्न जसाच्या तसा परत केला. "गिळलंस काय... लंस काय..." जानकी "आवशी गो!" करून दहा पावले पळाली. प्रेमलता मात्र हसली आणि सरळ खाली उतरू लागली.

होय, मीच ती आचऱ्याकडच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, चिरेखाण. सहा वर्षे झाली, माझ्यात कोणी पाऊल ठेवले नव्हते. चोर म्हणून माझे नाव पडले आहे ना!

पण मी आधी अशी नव्हते. आधी मी नुसता सडा होते. काळा, सपाट, वाऱ्याचा. माझ्यावर उभे राहिले की खाली माड दिसायचे, माडांपलीकडे समुद्र आणि समुद्रावर होड्यांची शिडे. मग स्वातंत्र्याच्या थोडे आधी गुणाजी आला. हातात टिकाव, खांद्यावर पहार. त्याने आधी नारळ ठेवला, मला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाला, "आये, पोटासाठी तुका दुखवतंय. राग मानू नको."

आये! मला आई म्हणणारा तो पहिला माणूस. मला किती बरे वाटले म्हणून सांगू! टिकावाचे घाव मी त्या एका शब्दावर सोसले.

माझा चिरा जमिनीतून निघतो तेव्हा मऊ असतो, ऊन-वारा लागला की टणक होतो. गुणाजीला ते बरोबर कळायचे. कुठे घाव घालायचा, कुठे थांबायचे, सगळे. माझ्या चिऱ्यांनी तारकर्लीच्या विहिरी बांधल्या, मालवणच्या पेठेत दुकाने उभी राहिली. लोक म्हणायचे, "चिरो व्हयो तर ह्याच खाणीचो!" दुपारी गुणाजी माझ्या भिंतीतल्या झऱ्याचे पाणी प्यायचा आणि माझ्याच सावलीत पडायचा. मी त्याच्यावर जीव टाकला होता.

आणि मग आले श्रमदान. गावात सातवीपुढे शाळा नव्हती. मुलगे नातेवाइकांकडे राहून शिकत, मुली घरी बसत. गावाने ठरवले, आपण आठवीचे वर्ग बांधायचे! आबा गावकरांनी माझ्या काठावर गाऱ्हाणे घातले, "बा देवा म्हाराजा, ह्या चिऱ्यांनी पोरांची शाळा उबी रवांदे रे म्हाराजा!" आणि सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!"

काय दिवस होते ते! हसणे काय, चिडवणे काय! गुणाजी सगळ्यांना चिरा काढायला शिकवत होता. प्रत्येक घराने आपल्या चिऱ्यांवर आपली खूण कोरली. कोणी माड, कोणी नांगर. मासे विकणाऱ्या गोदूबाईने मासळी कोरली आणि मासळीच्या नाकात चक्क नथ घातली!

"गोदूबाय, मासळेक नथ कित्याक गो?" आबांनी विचारले.

"बायलमाणूस आसा ती! शाळेत पोरींनीय जावक व्हया, म्हणान," गोदूबाई म्हणाली. "माका लिवक येणा नाय. ही माजी सही."

चिरे काढून माझ्या काठावर रचून झाले. आणि त्याच मार्गशीर्षात गावपळण आली.

आमच्याकडची ही रीत तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस वेशीबाहेर जातो. माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री, सगळी! खाडीपलीकडे झोपड्या घालून राहतात. त्या तीन दिवसांत गाव माणसांचा नसतो, देवाचा आणि देवचारांचा, म्हणजे भुताखेतांचा, असतो. परत फिरायची कोणाची छाती नसते.

दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बैलगाडी वाजली. मला वाटले, देवचारच आला! पण तो गुणाजी होता. त्याच्याबरोबर त्याची बायको यशोदा होती. दोघे घाईघाईने शाळेचे चिरे गाडीत भरू लागले. एक खेप, दुसरी खेप, तिसरी. दोन दिवस खेपा चालल्या. शेवटच्या खेपेला एक चिरा घसरून पडला, त्याचा कोपरा फुटला. गुणाजीने तो पायाने करवंदीच्या जाळीत ढकलला. मी वाट बघत होते, तो 'आये' म्हणेल, निदान वळून बघेल. त्याने माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

गाव परत आला. चिरे नाहीत! माणूस तर कोणी गावात नव्हता. मग नेले कोणी? कोणीतरी म्हणाले, "खाणीन गिळल्यान! तिका चिरे दिवचे नव्हते." आणि सगळ्यांना ते पटले. मित्रांनो, माझ्यासमोर नारळ फोडून त्यांनी माझीच माफी मागितली. आबांनी गाऱ्हाणे घातले, "खाणीतल्या देवचारा म्हाराजा, काय चुकला माकला आसात तर माफी कर!" आणि त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने "व्हय म्हाराजा" कोण ओरडला असेल?

गुणाजी.

त्या आवाजाने मला जे लागले, ते टिकावाने कधी लागले नव्हते.

गुणाजीचे पडके घर पुन्हा उभे राहिले, पुढे नवी पडवी झाली. चिरे बायकोच्या माहेराहून आणले, असे तो सांगत असे. माझ्याकडे कोणी फिरकेना. शाळेचे नाव कोणी काढेना. माझ्यात पाणी साठले, भिंतींवर नेचे उगवले, पाकोळ्यांनी घरटी केली. मी सुंदर झाले होते हो! पण बघणार कोण?

आणि म्हणून त्या तिघी उतरल्या तेव्हा मी हरखूनच गेले. प्रेमलता पुढे. तिने घावांच्या पायऱ्या मोजल्या, झऱ्याला तोंड लावून पाणी प्यायली, पाकोळीचे घरटे शोधले, डबक्यात पाय सोडून बसली. "अगो, हय काय्येक नाय! नुसती मज्जा!" तिने वर ओरडून सांगितले. मग बाकीच्या दोघीही आल्या. माझ्या भिंतींना नावे ठेवून झाली. एकीला 'विहीण' म्हणाल्या, कारण ती फुगून उभी असते! शेवटी करवंदे काढायला प्रेमलता जाळीत शिरली आणि तिच्या पायाला तो फुटका चिरा लागला.

सत्यवतीने माती पुसली. "अगो, नथवाली मासळी! ही आमच्या आजयेची सही!" सत्यवती गोदूबाईची नात.

प्रेमलता त्या मासळीकडे बघतच राहिली. तिच्या हातातली करवंदे खाली सांडली.

"काय गो, दातखीळ बसली? देवचार लागलो वाटता!" सत्यवती हसली.

"तुमी फुडे जावा," प्रेमलता म्हणाली. "आनी माझ्या आवशी-बापाशीक सांगा, मी खाणीत आसंय. दोघांनीय येवचा."

ती पुढे जे बोलली, त्यावरून ही गुणाजीची मुलगी हे मला कळले. मैत्रिणी गेल्यावर ती चिऱ्याशेजारी बसली आणि माझ्याशीच बोलावे तशी बोलली. गेल्या आठवड्यात त्यांच्या पडवीतला गिलावा पडला होता. भाताच्या कणगीमागे तिला अशीच नथवाली मासळी दिसली होती. बापाला विचारले, तर तो म्हणाला होता, गवंड्याची मस्करी आसा ती.

उन्हे उतरताना दोघे आली. यशोदा आधी. "शिरा पडो तुझ्या शाणपणार! हयसर कोण बसता काय? चल घराक!"

प्रेमलतेने नुसते बोट दाखवले. गुणाजीने चिरा पाहिला आणि तो त्याच्यापुढे मान खाली घालून बसला.

"हीच मासळी आपल्या पडवीत आसा, बाबा. कणगीच्या पाठल्यान."

गुणाजीने त्या फुटक्या कोपऱ्यावरून हात फिरवला. मग गुणाजी म्हणाला, "त्या वरसा वादळात घर पडला. तुका तापात घेवन आमी गोठ्यात रवलो. वर्सभरात दुसरे चिरे काढून ठेवतलंय, असा मनात होता. पण गाव भियालो, खाण बंद पडली. मगे तोंड उघडाक येळच गावलो नाय."

"येळ गावलो नाय? सा वरसां!"

"तुझ्यासाठीच केला गो बाये," यशोदा रडू लागली. "तुझ्या डोक्यार छप्पर नको होता?"

"छप्पर माझा आनी शाळा कोणाची, आये? सत्यवतीची, जानकीची नाय? आता आमी तिघी घरात बसतलो. तां ह्या खाणीमुळे?"

गुणाजी पुटपुटला, "गावाक कळला तर माका देवळाची पायरी चढूक देवचे नाय."

मित्रांनो, मला त्याची कीव आली. खोटे कशाला बोलू? पण माझा राग गेला नाही. आमच्यासारख्या मुक्यांवर आळ घालणे फार सोपे असते. डोंगर, तळी, झाडे, खाणी, कोणी उलटून बोलत नाही. आमच्याकडून हवे ते न्या, आम्ही देतो. पण तुमची चूक आमच्या पदरात टाकू नका. आणि कोणी सांगितले की अमक्या जागी भूत आहे, तिकडे जाऊ नका, तर एकदा दिवसाउजेडी जाऊन नीट बघा. एवढेच माझे मागणे.

गुणाजीने मान वर करून सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्या भिंतीकडे पाहिले. प्रेमलता उठली. परकराची माती झाडली. डोळे पुसले नाहीत, पण आवाज मघाशी मला प्रश्न विचारला तेव्हापेक्षा शांत होता.

"बाबा, आये, आयका. उद्या सोमवार, देवळात गाव जमता. पडवीचे चिरे आपण काढूचे आनी शाळेच्या जाग्यार नेवन ठेवचे, ह्या मी गावासमोर सांगतलंय. बाबा, तुमी आधी सांगलात, तर मी तुमच्या बाजूक उबी रवतलंय, कोण काय बोललो तरी. तुमी नाय सांगलात, तरी मी सांगतलंय. तुमचा काय तां तुमी ठरवा. माझा ठरला."