तक्रारखिडकीतल्या पापण्या

पंख्यांच्या कंपनीत तक्रारखिडकीवर बसणाऱ्या बाईंना सगळे तक्रारवहिनीच म्हणत. स्वभावाने त्या मुळीच तक्रारखोर नव्हत्या. पण दिवसभर दुसऱ्यांच्या शिव्या पगारावर खाणाऱ्या माणसाला दुसरं म्हणणार तरी काय? त्यात साहेबांनी बजावलं होतं, "वहिनी, या तिमाहीत तक्रारी उतरल्या नाहीत तर खिडकी बंद. तुमची बदली गोदामात." गोदाम गावाबाहेर, दोन बस बदलून. तिथे गप्पा मारायच्या तर पंख्यांशी, आणि तेही खोक्यातल्या.

नेमका त्याच सुमारास वहिनींच्या पापण्यांना इसब झाला. आधी खाज, मग लाली, मग सूज आणि वर पापुद्रे. घरात उपचारांना ऊत आला. सासूबाईंनी टाचांच्या भेगांचं मलम काढलं. नणंदेने गुलाबाच्या वासाचं क्रीम दिलं, "जपून लाव हं वहिनी, महागाचं आहे." नवऱ्याने दाढीनंतरचं लोशन पुढे केलं. ते लावल्यावर वहिनींच्या तोंडून जे निघालं ते ऐकून सासूबाई उठून आतल्या खोलीत गेल्या.

"मला तर काही होत नाही," नवरा म्हणाला.

"तुमचं कातडं निगरगट्ट आहे. लग्नाआधी विचारायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी वहिनी खिडकीत बसल्या त्या रात्रभर रडल्यासारख्या. पहिलाच गृहस्थ मोडकं पातं उगारून आला, तोंड उघडलं, वहिनींकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"राहू द्या ताई. फिरतो तसा अधूनमधून. तुम्ही एवढं जिवाला लावून घेऊ नका."

त्याच्या मागच्या बाईंनी तर वहिनींच्या हातावर थोपटलं आणि तक्रार तशीच पर्समध्ये घालून परत नेली. आठवडाभरात खिडकीसमोरची रांग वितळली. साहेब खूश. सासूबाईंच्या मलमाची हकिकतही वहिनींकडून त्यांच्या कानावर आली होती. "वहिनी, जे काही करताय ते चालू ठेवा."

वहिनींनीही ठेवलं असतं. पण एका सकाळी डोळे मिचकावताना पापणीच चिरली आणि तिखट गेल्यासारखी झोंबली. त्या तशाच औषधाच्या दुकानात गेल्या.

"काय काय लावलंत?" औषधवाल्याने विचारलं. वहिनींनी सांगितलं. त्याने चष्मा काढून काउंटरवर ठेवला.

"बाई, पापणी आहे ती, भिंत नव्हे, थरावर थर द्यायला. तिथलं कातडं सगळ्यात पातळ. आधी सगळं बंद. कोमट पाण्याने हलकेच धुवायचं, चोळायचं नाही. वर ही साधी पेट्रोलियम जेली, बिनवासाची."

"एखादं जोरदार मलम द्या ना."

"डोळ्याजवळ जोरदार मलम मी माझ्या मेहुण्यालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही, आणि तो मला अजिबात आवडत नाही. उतरलं नाही, डोळा दुखला किंवा अंधुक दिसलं, तर सरळ डॉक्टर."

डबी घेऊन वहिनी घरी आल्या आणि विचारात पडल्या. बरं व्हावं तर गोदाम, न व्हावं तर हे हाल. बराच वेळ दोन्ही बाजू समान राहिल्या. शेवटी खाजेने निकाल दिला.

पापण्या हळूहळू निवळल्या. खिडकीसमोर रांग पुन्हा लागली, आवाज चढले, आणि मोडकी पाती आता वहिनींच्या नाकापर्यंत येऊ लागली. साहेब येऊन उभे राहिले.

"बरं वाटतंय वाटतं," ते सांत्वनाला आल्यासारखे म्हणाले. मग आवाज खाली आणून, "ते सासूबाईंचं मलम... शिल्लक आहे का?"

वहिनींनी त्यांच्याकडे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी जमत होतं, म्हणून जरा जास्तच वेळ पाहिलं.

"साहेब, तक्रारी कमीच करायच्यात ना?"

"वरून तर शून्य करा म्हणतायत."

"मग पाटी बदला."

सोमवारी खिडकीवर 'सूचना व अभिप्राय' अशी पाटी लागली. तक्रारी त्याच दिवशी शून्यावर आल्या. वरून साहेबांचं अभिनंदन झालं, आणि गोदामाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

रांगेतल्या पहिल्या आजोबांनी पाटी सावकाश वाचली आणि काळी ठिक्कर पडलेली मोटर काउंटरवर आदळली.

"घ्या लिहून. पंख्याने पेट घेतला, पडदा जळाला, बायको मुलीकडे निघून गेली. ही माझी नम्र सूचना."

"आणि अभिप्राय?" वहिनींनी पेन सरसावलं.

"तो बायकांसमोर सांगण्यासारखा नाही. साहेबांना बोलवा."