पडद्याची कड

एक पत्र बरेच दिवस माझ्या डबीखाली पडून होते. त्याला उत्तर गेले नव्हते. मला त्या पत्राविषयीच सांगायचे आहे, पण आधी मी कोण ते सांगायला हवे, नाहीतर तुमचा गोंधळ उडेल.

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे. चष्म्यातली नव्हे. डोळ्यांचे डॉक्टर मला चिमटीत धरून समोरच्याच्या डोळ्यापुढे नेतात. त्यांच्या कपाळावरच्या दिव्याचा उजेड माझ्यातून आत जातो आणि डोळ्याच्या तळाशी असलेला पडदा दिसतो. हे चित्र उलटे असते. वरचे खाली, डावे उजवीकडे. ते मनात सुलटे करून समजून घेणे हे डॉक्टरांचे काम. मी फक्त दाखवते.

माझा जन्म कारखान्यात झाला. काच तापवली, कापली, बारीक भुकटीने घासली. तेव्हा दुखले का, असे कुणी विचारले तर मला सांगता येणार नाही. काचेला दुखते की नाही, हे मलाच अजून नीट कळलेले नाही. पुढे एकदा फरशीवर पडून माझा टवका उडाला. त्याही दिवशी विशेष काही वाटले नाही.

मी ज्या डॉक्टरबाईंकडे आले, त्या लहान मुलांचेच डोळे तपासत. सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. बाई मला मऊ कापडाने पुसत, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. मग सवय झाली. मुलांचे रडणे हा त्या खोलीत पंख्यासारखाच एक आवाज झाला. आईने डोके धरायचे, बाबांनी पाय धरायचे, बाईंनी पाहायचे. वर्षानुवर्षे असेच चालले.

एके दिवशी एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी चालताना एका बाजूने दाराला धडकली आणि रडलीसुद्धा नाही. तिला त्याची सवय असावी. तिच्या एका डोळ्याचा पडदा बाजूला ओढला जाऊन त्याला चुणी पडली होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत असे चित्र कधीकधी दिसते.

"वेळेआधी झाली होती का ही?" बाईंनी विचारले.

"छे हो! उलट वाट बघून बघून आम्हीच थकलो. सासूबाई म्हणायच्या, आत काय पाट मांडून बसलीय का!"

"घरात कुणाला कमी दिसतं?"

"कुणालाच नाही. सुईत दोरा ओवायला सगळी गल्ली माझ्याकडे येते."

आई खोटे बोलत नव्हती. मुलीचे डोके दोन्ही हातांनी धरून ती माझ्यापासून वीतभर अंतरावर बसली होती. मला तिच्या डोळ्यापुढे कुणी नेले नाही. तशी पद्धतच नव्हती.

त्या डोळ्याची नजर परत आली नाही. दुसरा डोळा ठीक राहिला. आजाराचे नाव मात्र कळले नाही. बाई दर वेळी म्हणत, "बघू या." पुढे ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले आणि तिथून आईचे पत्र आले. त्या काळी त्यांच्या घरी फोन नव्हता. तिने लिहिले होते, "आता धाकटा झाला आहे. महिन्याचा आहे. त्याचे डोळे चांगले दिसतात, तरी आणू का? मोठीला नेमके काय झाले होते?"

बाईंनी कागद घेतला. "आजाराचे नाव अजून" एवढे लिहिले आणि पेन खाली ठेवले.

"नाव कळलं की सविस्तर लिहीन," त्या सिस्टरना म्हणाल्या.

सिस्टर तोंडाच्या फटकळ. काही आठवड्यांनी म्हणाल्या, "बाई, पत्र उबवताय का? अंडं आहे का ते?"

बाई हसल्या नाहीत. पत्र माझ्या डबीखाली राहिले. बाळ एव्हाना बसू लागले असेल, मग रांगू लागले असेल. डबीत पडून मला एवढेच सुचे. दवाखान्यात फोटो काढणारे यंत्र आले होते, त्यामुळे माझे काम कमी झाले होते. पण लहान मुले यंत्रासमोर स्थिर बसत नाहीत. त्यांच्यासाठी मला बाहेर काढत.

असाच एक तिरळ्या डोळ्याचा मुलगा आला. बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यात घालू देईना. त्याच्या बाबांनी खुर्चीत बसून मान मागे टाकली.

"सिस्टर, आधी माझ्या डोळ्यात घाला. बघ रे, बाबा रडतो का!"

सिस्टरनी खरेच घातले. थेंब चढल्यावर बाबा उजेडात चाचपडू लागले, तसा मुलगा खदखदून हसला आणि तपासून घ्यायला तयार झाला. त्याचाही पडदा तसाच एका बाजूला ओढलेला. त्याचाही जन्म पुऱ्या दिवसांचा.

"आता बाबांचा नंबर!" मुलगा ओरडला.

खोटे खोटेच बघायचे होते. पण हाताला सवय असते. "वर बघा. खाली बघा. उजवीकडे," म्हणत बाईंनी मला अगदी पडद्याच्या कडेपर्यंत फिरवले. तिथे रक्तवाहिन्या मध्येच थांबल्या होत्या. पुढची कड कोरी होती, काठ विणायचा राहून गेलेल्या कापडासारखी. बाईंनी तीच कड पुन्हा एकदा पाहिली.

"मला काय धाड भरलीय? मला सगळं स्वच्छ दिसतं," बाबा म्हणाले.

"दिसतंच. पण हे त्याला तुमच्याकडून आलंय."

"म्हणजे दोष माझा?"

"दोष कसला? त्याचं नाक तुमच्यासारखं आहे ना, तसंच हे."

हा रक्तवाहिन्यांचा आजार कुटुंबातून येतो. मोठ्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो आणि मुलाचा डोळा जातो. तान्हेपणीच कोरी कड सापडली, तर लेसर करून पुष्कळदा डोळा वाचवता येतो. बाईंनी त्यांना हे सगळे समजावले आणि मुलाच्या दुसऱ्या डोळ्यासाठी दिवस ठरवून दिला. ते गेल्यावर त्यांनी माझी डबी बाजूला केली.

या वेळी पेन थांबले नाही. पहिले वाक्य होते, "धाकट्याला लगेच घेऊन या." दुसरे होते, "तुम्ही या, मुलीचे बाबाही येऊ देत. सगळ्यांचे डोळे पाहायचे आहेत." उशिराबद्दल माफी त्यानंतर. आजाराचे नाव अगदी शेवटी, आणि त्याच्यापुढे "बहुतेक".

पहिले वाक्य लिहायला नावाची गरज नव्हती. आईचे पत्र आले त्याच दिवशी ते लिहिता आले असते.

मित्रांनो, मला उपदेश करता येत नाही. काचेला पुसताना मऊ कापड घ्या, एवढे मी सांगू शकते. आणि तुम्हाला कुणी काही विचारले आणि उत्तर ठाऊक नसले, तर "ठाऊक नाही, पण या" एवढे तरी त्याला त्याच दिवशी कळवा.

बाईंनी मला विसरून तशीच खिशात टाकली होती, म्हणून मी टपालपेटीपर्यंत गेले. पत्र आत पडले. बाई थोडा वेळ फटीतून आत पाहत राहिल्या. आत काळोख होता. मग त्यांनी पेटीवर लिहिलेली टपाल निघायची वेळ वाचली. आजचे टपाल अजून निघायचे होते.